फ्रेंच क्रियापदं: लिहायची किती, बोलायची किती आणि सिलॅबल तोडायचे कुठे?

सोनचाफा
नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय, तेव्हा सांभाळून घ्या. मी पुण्यात शनिवार-रविवार सकाळी फ्रेंच शिकतेय, कॅनडाच्या फाइलसाठी टीईएफ ही फ्रेंचची परीक्षा द्यायचीये, आणि क्रियापदांचे तक्ते म्हणाल तर झोपेतून उठवून विचारलं तरी लिहून देईन, पण तोंड उघडलं की सगळं विस्कटतं. मागच्या रविवारी सरावाची तोंडी होती, बहीण आणि मेव्हण्यांबद्दल सांगायचं होतं, मला म्हणायचं होतं 'त्यांना दोन मुलं आहेत' आणि मी अगदी ठासून म्हटलं 'इल् सों द झाँफाँ'. बाई थांबल्या, म्हणाल्या 'कोण दोन मुलं आहेत?' तेव्हा कळलं की मी 'ते दोन मुलं आहेत' असं म्हणून बसलेय. 'इल् झों' म्हणायला हवं होतं. एका स आणि झ चा फरक, आणि अख्खं वाक्य दुसरंच झालं.

दुसरी गोष्ट घरातली. लेक नववीत आहे, तिला शाळेत फ्रेंच आहे. परवा जेवणाच्या टेबलावर धडा मोठ्यांदा वाचत होती आणि 'इल् पार्लेंत' असं वाचलं. मी म्हटलं अगं 'पार्ल्' म्हण, शेवटचं ई-एन-टी म्हणायचं नसतं. तर म्हणाली, "म्हणायचं नाही तर लिहिलंय कशाला? आणि पुस्तकात ओळीच्या शेवटी शब्द तोडायला सांगितला तर मी पार आणि लेंत असे दोन तुकडे करायचे की नाही?" मला उत्तर देता आलं नाही आणि तेव्हापासून डोक्यात तेच फिरतंय. लिहिताना दोन सिलॅबल, बोलताना एक, असं कसं? कुठे काय गिळायचं, कुठे जोडायचं याला काही धरबंध आहे का, की नुसतं ऐकून ऐकूनच येतं?

शिकवणारी काकू
सोनचाफा, अगं धरबंध आहे, आणि चांगला पक्का आहे, फक्त तो तक्त्यात दिसत नाही कारण तक्ता डोळ्यांसाठी असतो. मी बावीस वर्षं शिकवतेय, सगळ्यात जास्त वेळ याच एका गोष्टीवर जातो माझा.

आधी लिहिण्याचं ठरवून घेऊ, सगळं देवनागरीत आहे म्हणून. मी 'झ' लिहीन तो झऱ्यातला समज. 'मी' साठीचा फ्रेंच 'ज' म्हणजे 'श' म्हणता म्हणता गळ्यातून आवाज सोडला की येतो तो, मराठीत तो नाहीये. नाकातला स्वर दिसेल तिथे शेवटी न् किंवा म् म्हणायचा नाही, जीभ वर लावायचीच नाही.

आता 'बोलणे' हे क्रियापद घे. ज पार्ल्, त्यु पार्ल्, इल् पार्ल्, नू पार्-लों, वू पार्-ले, इल् पार्ल्. सर्वनामं सहा, लिहायची रूपं पाच, आणि कानाला ऐकू येतात फक्त तीन: पार्ल्, पार्लों, पार्ले. त्यात परत रोजच्या बोलण्यात 'नू' च्या जागी सगळे 'ओं' वापरतात, म्हणजे 'ओं पार्ल्', मग उरली दोनच. मी वर्गात काय करते, फळ्यावर सहाही रूपं लिहिते आणि डस्टर आडवा धरून शेवटची अक्षरं झाकते, ई, ई-एस, ई-एन-टी सगळी, आणि मग टाळी वाजवायला लावते. ज पार्ल्, दोन टाळ्या. इल् पार्ल्, दोन. नू पार्-लों, तीन. पंधरा मिनिटं नुसत्या टाळ्या. पहिल्यांदा मुलं लाजतात, पण ज्याने टाळ्या वाजवल्या तो परत 'पार्लेंत' म्हणत नाही, हे मी पैजेवर सांगते.

लेकीला सांग, ओळ तोडताना तो शब्द दोन तुकड्यांचाच धरतात, पार वेगळं आणि लेंत वेगळं, कारण तो नियम अक्षरांचा आहे, आवाजाचा नाही. दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या तुकड्यात जातं, दोन असतील तर मधोमध तोडायचं, पण पहिलं र किंवा ल नसून दुसरं र किंवा ल असेल, म्हणजे त्र, ब्ल वगैरे, तर जोडी मोडायची नाही. 'दाखवणे' मों-त्रे, मोंत-रे नाही. हे छापखान्याचं झालं. तोंडाचं वेगळं.

गवतफुला
काकू, पण मग 'सों', 'ओं', 'फों', 'व्हों' मध्ये शेवट का म्हणायचा? ती पण 'ते' ची रूपं आहेत ना? आणि 'आनंदी' ला 'कोंताँ' म्हणतात, तिथे पण शेवटी ई-एन-टीच आहे. माझा दर वेळी गोंधळ.

शिकवणारी काकू
गवतफुला, ती चारच क्रियापदं गं, असणे, (जवळ) असणे, करणे आणि जाणे. त्यांच्या शेवटी ओ-एन-टी आहे, ई-एन-टी नाही, म्हणून नाकातला ओं येतो. शिवाय भविष्यकाळात सगळ्यांनाच, इल् पार्ल-रों. बाकी कुठल्याही क्रियापदाच्या शेवटी 'ते' साठी ई-एन-टी दिसलं की ते मुकं.

आणि 'कोंताँ' विशेषण आहे, क्रियापद नाही. मुका असतो तो फक्त क्रियापदाच्या प्रत्ययातला ई-एन-टी. फ्रेंच शाळांमध्ये यासाठी एक जुनं वाक्य आहे, 'ले पूल द्यु कूवाँ कूव्', मठातल्या कोंबड्या अंडी उबवतात. शेवटचे दोन शब्द लिहायला अक्षर न अक्षर सारखे, पण पहिला मठ, म्हणून कूवाँ, दोन सिलॅबल, आणि दुसरा उबवतात, म्हणून कूव्, एकच. तसंच 'इल् कोंव्यॅं' म्हणजे योग्य ठरतं आणि 'इल् कोंवी' म्हणजे ते आमंत्रण देतात, लेखन तेच. आधी ओळखायचं शब्द कोण आहे, मगच तोंड उघडायचं.

रानवारा
छान धागा. लेकीच्या 'लिहिलंय कशाला' चं उत्तर द्यावंसं वाटतंय कारण प्रश्न फार चांगला आहे तिचा.

लिहिलंय कारण एके काळी ते म्हणत होते. लॅटिनमध्ये 'ते' चा प्रत्यय न्त वर संपायचा आणि पूर्ण ऐकू यायचा, जुन्या फ्रेंचमध्येही होता, मग शेकडो वर्षांत आधी टोकाची व्यंजनं गेली आणि त्यानंतर मागे उरलेला अर्धवट अ सुद्धा गेला, लेखन मात्र जिथल्या तिथे राहिलं. पण गंमत अशी की तो मुका ई जाता जाता एक काम करून गेला. त्याने आपल्या आधीच्या व्यंजनाला झाकून ठेवलं. शब्दाच्या अगदी टोकाला उघडं पडलेलं व्यंजन गळून गेलं, पण ज्याच्या मागे ई होता ते वाचलं. म्हणून बघा: तो झोपतो 'इल् दोर्', ते झोपतात 'इल् दोर्म्'. तो विकतो 'इल् वाँ', ते विकतात 'इल् वाँद्'. तो संपवतो 'इल् फिनी', ते संपवतात 'इल् फिनिस्'. ठेवतो 'मे', ठेवतात 'मेत्'. पितो 'ब्वा', पितात 'ब्वाव्'. घेतो 'प्राँ', घेतात 'प्रेन्'. येतो 'व्यॅं', येतात 'व्येन्'. सिलॅबल दोन्हीकडे तेवढेच, फक्त अनेकवचनात शेवटचा आणखी एका व्यंजनाने बंद होतो. सोनचाफाताई, तुम्ही ई-एन-टी ऐकायला कान लावताय आणि ते तिथे नाहीच, अनेकवचन आहे ते त्याच्या आधीच्या म्, द्, स्, त्, व्, न् मध्ये. पार्ल् सारख्या पहिल्या गटात एकवचनालाही ई आहे म्हणून तिथे फरकच ऐकू येत नाही, आणि दुर्दैवाने शिकवायला सुरुवात त्याच गटापासून होते, त्यामुळे कानाला वाटतं फ्रेंचमध्ये काही ऐकूच येत नाही.

आणखी एक, हे सगळं मराठी माणसाला परकं वाटायचं कारण नाही. आपण हेच दिवसभर करतो. 'समज' म्हणा. स-मज्. आता 'समजा' म्हणा. सम्-जा. म वरचा अ कुठे गेला? आता 'समजला' म्हणा, स-मज्-ला, अ परत आला. लिहिताना आपण काहीच बदलत नाही, तोंड आपोआप करतं. फ्रेंच 'विकत घेणे' तस्संच आहे. मी विकत घेतो 'जा-शेत्', आम्ही विकत घेतो 'नू झाश्-तों'. मधला स्वर शेवटच्या सिलॅबलमध्ये सापडला तर ठसठशीत 'ए' होतो आणि मागे आणखी जड सिलॅबल आला की विरघळतो. 'ज मा-पेल्', 'नू नू झाप्-लों' तेच. फ्रेंच लोक तो ए झाला हे लिहून दाखवतात, कधी आक्सां ग्राव् (अक्षरावरची तिरकी रेघ) देऊन, कधी ल किंवा त दोनदा लिहून, म्हणून तक्ता किचकट दिसतो. १९९० च्या शुद्धलेखन सुधारणेत अशा बहुतेक क्रियापदांना दुहेरी ल-त ऐवजी आक्सां ग्राव् चालेल असं ठरलं, पण 'आपले' (हाक मारणे) आणि 'जते' (फेकणे) हे दोन घरचे मात्र जुन्याच रूपात ठेवले.

सोनचाफा
रानवारा, 'समज-समजा' वाचल्यावर मी अक्षरशः तीन-चार वेळा मोठ्याने म्हणून बघितलं, खरंच की. उतर-उत्रा, निवड-निव्डा पण तसंच. एवढी वर्षं बोलतेय, कधी लक्षात आलं नाही.

तूलूझवासी
थोडी वेगळी बाजू मांडतो. मी सहा वर्षं तूलूझला आहे, इथे मुका ई तितकासा मुका नाहीये. आमची बेकरीवाली बाई 'एल् पार्ल' म्हणते तेव्हा शेवटी छोटासा अ स्पष्ट ऐकू येतो, काकूंच्या टाळ्या मोजल्या तर एक जास्त पडेल. दक्षिणेकडे सगळीकडे असंच, मार्सेयलाही. त्यामुळे 'म्हटलं की चुकलं' असं मुलांच्या मनावर बिंबवू नये असं वाटतं. मी आल्यावर पहिले सहा महिने लोकांचे उच्चार मनातल्या मनात चूक ठरवत होतो, कारण क्लासमध्ये तसं शिकलो होतो, आणि त्यात माझंच नुकसान झालं, कारण ऐकायचं सोडून तपासत बसलो.

शिकवणारी काकू
तूलूझवासी, अगदी बरोबर बोललात. दक्षिणेतला तो अ अस्सल आहे, त्याला चूक कोणीच म्हणू नये. पण तिथली माणसंही 'पार्लेंत' किंवा 'पार्लाँ' म्हणत नाहीत ना, पार्ल च म्हणतात. माझी हरकत नाकातल्या न् ला आणि ऐकू येणाऱ्या त् ला आहे. परीक्षेसाठी उत्तरेकडची पद्धत तोंडात बसवावी आणि कान दोन्हींसाठी उघडा ठेवावा, एवढंच माझं म्हणणं.

आता सोनचाफा, तुझा 'सों-झों' राहिलाच. फ्रेंच बोलताना शब्दांच्या मधे भिंत नसते, सिलॅबल शब्दाची हद्द ओलांडून तोडतात. नियम असा की सिलॅबल शक्यतो स्वरावर संपवायचा आणि व्यंजन पुढच्याला द्यायचं, मग ते व्यंजन शेजारच्या शब्दातलं का असेना. 'तो प्रेम करतो' हे इल् आणि एम् असे दोन शब्द, पण बोलताना इ-लेम्, ल् उडी मारून पलीकडे गेला. 'ते प्रेम करतात' मध्ये सर्वनामाच्या शेवटी लिहिलेला मुका एस जागा होतो आणि झ बनतो: इल्-झेम्. पार्ल् सारख्या गटात अनेकवचन ऐकू येत नाही असं वर रानवाराने लिहिलंय ना, क्रियापद स्वराने सुरू होत असेल तर ते असं येतं, झ मधून. म्हणून वू-झा-वे (तुमच्याकडे आहे) आणि वू-सा-वे (तुम्हाला माहिती आहे), नू-झा-वों आणि नू-सा-वों, इल्-झों आणि इल्-सों. झ म्हणजे उसना, पुढचा शब्द स्वराने सुरू होतो म्हणून आलेला. स म्हणजे शब्दाचा स्वतःचा. या जोड्या रोज आरशासमोर दहा वेळा म्हण, गळ्यावर दोन बोटं ठेवून. झ ला गळा थरथरेल, स ला नाही.

प्रश्न विचारतानाचा त् पण याच कामाचा. 'तो बोलतो का' हे 'पार्ल्-तिल्', दोन स्वर एकमेकांवर आदळू नयेत म्हणून मधे त् घालतात. 'ते बोलतात का' हेही 'पार्ल्-तिल्', पण तिथला त् घातलेला नाही, तो ई-एन-टी मधला जुनाच टी परत जागा झालेला. म्हणजे लेकीला सांगायला आणखी एक कारण, ते टी पूर्ण मेलेलं नाहीये, झोपलंय.

मॉन्ट्रियलकर
टीईएफ देऊन चार वर्षं झाली, इथेच स्थायिक आहे, म्हणून थोडं कामाचं. लिहिलेली रूपं येणं वेगळं आणि बोललेली ओळखणं वेगळं, श्रवणाच्या भागात मला हेच जड गेलं. बोलताना 'ज' मधला स्वर सगळ्यात आधी जातो, आणि मग उरलेला ज पुढच्या अक्षराला चिकटून बदलतो. 'मला माहीत नाही' पुस्तकात चार सिलॅबल, ज न से पा, बोलताना 'न' गेला, ज चा श झाला, 'शे पा', दोनच. 'मी आहे' फ्रान्समध्ये 'श्वी', इथे क्युबेकमध्ये चक्क 'शु'. पहिल्या हिवाळ्यात बसस्टॉपवर एका आजोबांनी मला दोन वेळा 'शु फतिगे' सांगितलं, मी नुसता हसून मान हलवली, घरी येऊन कळलं की ते दमलोय म्हणत होते. बसायला जागा द्यायला हवी होती मी, अजून रुखरुख आहे.

इथे 'यु' आणि 'ई' या स्वरांच्या आधी त, द सरळ राहत नाहीत, 'त्यु दी' (तू म्हणतोस) हे 'त्स्यु द्झी' च्या जवळ जातं. आपल्याला मराठीत 'चमचा' मधला च असतो ना, तो त्स, म्हणून आपल्याला म्हणायला सोपं, बंगाली मित्राला फार जड गेलं.

गवतफुला
भविष्यकाळात मधला ई म्हणायचा की गिळायचा? बाई 'पार्-ल-रे' म्हणतात आणि ऑडिओत मला 'एम्-रे' ऐकू येतं.

रानवारा
दोन्ही बरोबर. 'एमरे' (मी प्रेम करेन) मध्ये ई गिळला तर म् आणि र् दोनच व्यंजनं शेजारी येतात, जीभ अडत नाही, म्हणून गिळतात. 'पार्लरे' मध्ये गिळला तर र्, ल्, र् अशी तीन लागोपाठ येतात, म्हणून सावकाश बोलताना तो ठेवायचा. मोरिस ग्रामों या भाषाशास्त्रज्ञाने हा तीन व्यंजनांचा नियम म्हणून मांडला: गिळल्याने तीन व्यंजनं एकत्र येणार असतील तर ई राहतो. भरभर बोलताना लोक मोडतातही, पण अडलं तर हा आधार धरा.

हीच गोष्ट य च्या बाबतीत. 'आम्ही बोलत होतो' पार्-ल्यों, दोन सिलॅबल. पण 'आम्ही दाखवत होतो' मों-त्रि-यों, तीन. कारण त्र ला लगेच य जोडून 'त्र्यों' म्हणणं तोंडाला जमत नाही, म्हणून इ मोकळी होते. बांधणे 'ल्ये' एक, ओरडणे 'क्रि-ये' दोन. सभ्यपणे 'आपल्याला आवडेल का' असं विचारताना 'वू वू-द्रि-ये' म्हणावं लागतं, तिथे घाईने 'वूद्र्ये' म्हटलं की लगेच उपरं वाटतं.

आणि कविता वाचायची असेल तर सगळं उलटं, तिथे मुका ई मोजतात. बारा सिलॅबलच्या ओळीत 'पार्ल्' च्या पुढे व्यंजन आलं की तो दोन धरला जातो, आणि ई-एन-टी असेल तर पुढे स्वर आला तरी दोनच. ओळीच्या टोकाचा तेवढा मोजत नाहीत. आपल्या अभंगासारखंच हे, बोलताना 'सुंदर' दोन, सुं-दर्, पण सहा-सहा-सहा-चार मोजताना तेच तीन, सुं-द-र.

शिकवणारी काकू
वा, अभंगाचं उदाहरण मी वर्गात नक्की वापरणार. त्यात दोन जोडते, कारण परीक्षेत हमखास अडतात. 'आम्ही करतो' हे लिहायला ए-आय आहे म्हणून सगळे 'फेझों' म्हणतात, ते फ-झों आहे, पहिला स्वर बारीक अ. 'मी करत होतो' पण 'फ-झे'. 'तुम्ही करता' मात्र 'फेत्'. आणि धावण्याचं, 'मी धावत होतो' कू-रे, 'मी धावेन' कूर्-रे, र दोनदा ऐकू यायला हवा, पता आणि पत्ता यात फरक करतो तसा. हे आपल्याला जन्मजात येतं, नुसतं आठवण ठेवून करायचं.

सोनचाफा
सगळ्यांचे मनापासून आभार, हे सगळं मी वहीत उतरवून घेतलंय. काल रात्री जेवण झाल्यावर मी आणि लेक टेबलावर बसून टाळ्या वाजवत होतो, सासूबाई आतून विचारायला आल्या की आरती कसली चाललीय, मग त्याही बसल्या. दोर्, दोर्म् त्यांना लगेच जमलं, म्हणाल्या एकात तोंड उघडं राहतं, दुसऱ्यात मिटतं. एवढं सरळ मला कोणी सांगितलं नव्हतं.

इल्-झों आणि इल्-सों गळ्यावर बोटं ठेवून करतेय, अजून घाईत चुकतं पण चुकलेलं आता माझं मला ऐकू येतं.

लेक 'इल् झेत्युदी' वर अडलीय, ते अभ्यास करतात. तिने इल् सोडून नुसत्या क्रियापदाला चार टाळ्या वाजवल्या, झे-त्यु-दि-य. माझ्या मते तीनच, झे-त्यु-दी. आणि पुस्तकात 'आम्ही अभ्यास करत होतो' ला दोन आय लागोपाठ छापलेत, ती म्हणतेय छपाईची चूक आहे. काकू, आहे का?

शिकवणारी काकू
तीनच, तुझं बरोबर. आणि छपाईची चूक नाही, एक आय धातूचा आणि एक भूतकाळाच्या प्रत्ययाचा. वर्तमान 'ए-त्यु-द्यों', भूतकाळातही सिलॅबल तीनच, फक्त द आणि य च्या मधे इ किंचित रेंगाळू द्यायची. बरेच फ्रेंच लोक तेवढंही रेंगाळत नाहीत, आजूबाजूच्या वाक्यावरून काळ ओळखतात. तिला म्हणावं, शंका चांगली काढलीस, अशीच पुस्तकात बोट ठेवून विचारत राहा.